स्वातंत्र्य मिळालं, पण कोणाला?

सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी प्रश्न विचारला आहे. आठवीच्या वर्गात संविधानाची उद्देशिका म्हणून घेताना एका मुलीनं त्यांना मध्येच थांबवलं. "बाई, स्वातंत्र्य तर १९४७ लाच मिळालं होतं ना? मग १९४९ साली ते परत 'प्राप्त करून देण्याचा' निर्धार कशाला?" त्यावरून बाईंची स्वतःची शंका अशी : इंग्रजीत इंडिपेन्डन्स, लिबर्टी, फ्रीडम असे तीन शब्द आहेत आणि आपण तिन्हींना स्वातंत्र्यच म्हणतो. लिबर्टीसाठी मराठीत वेगळा शब्द रूढ करावा का?

बाई, राग मानू नका, पण मुलीचा प्रश्न तुमच्यापेक्षा भारी आहे. आधी तोच घेऊ.

उद्देशिकेचं ते लांबलचक वाक्य एकदा नुसतं व्याकरणासाठी वाचून बघा. कर्ता कोण? "आम्ही, भारताचे लोक". काय प्राप्त करून द्यायचं? इतर गोष्टींबरोबर "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य". कोणाला? "सर्व नागरिकांस". १५ ऑगस्ट १९४७ बद्दल आपण बोलतो तेव्हा 'ला' प्रत्यय देशाला लागलेला असतो : भारताला स्वातंत्र्य मिळालं. २६ नोव्हेंबर १९४९ च्या वाक्यात चतुर्थी नागरिकांकडे सरकली. शब्द तोच, घेणारा बदलला. मुलीला एवढं सांगितलं तरी पुरे.

हा 'ला' किती महत्त्वाचा, ते सोलापूरकरांना लांब जाऊन शोधायला नको. तुळजापूर इथून तासाभराच्या वाटेवर. ऑगस्ट १९४७ मध्ये सोलापुरात झेंडे लागले तेव्हा तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसंच राहिलं. म्हणून तिकडच्या लढ्याला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम असं वेगळं नाव देतो. 'देशाला मिळालं' म्हणताना देशाची हद्द कुठवर, हा प्रश्न तेरा महिने अगदी खराखुरा होता.

आणि १९३० चा मार्शल लॉ. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून उठल्यासारखा झाला. मग १२ मेपासून लष्करी कायदा आला. त्या काळात तिरंगा हाती धरल्याबद्दलही शिक्षा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांच्या पुतळ्यांसमोर मुलांना उभं करून विचारा, यांच्याकडून काय काढून घेतलं होतं? देश पारतंत्र्यात होता हे आहेच. पण हातात काय धरायचं, तोंडानं काय बोलायचं, हेसुद्धा सरकार ठरवत होतं. पहिल्याचं नाव इंडिपेन्डन्स नसणं, दुसऱ्याचं लिबर्टी नसणं. सोलापुरात दोन्ही एकदमच गेलेली होती, त्यामुळे दोन्हींना एक शब्द पुरला.

दोन्ही अर्थ वेगळे काढून बघायचे तर १९७५ कडे यावं लागतं. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. देशाचं स्वातंत्र्य तसूभरही कमी झालं नव्हतं. त्याही १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला. मात्र मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, हजारो माणसं तुरुंगात होती, आणि अशा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानंच एप्रिल १९७६ मध्ये दिला. देश स्वतंत्र, नागरिक नाही. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २१, म्हणजे "जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य", आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी सोय केली. २०१७ साली खासगीपणाचा हक्क मान्य झाला तोही मुख्यतः याच अनुच्छेदाच्या आधारानं.

आता बाईंची शंका. वेगळा शब्द करायचा तर कोणता? मुक्ती मोक्षाच्या वाटेला लागलेली आहे, मुक्तता कोर्टाच्या. मोकळीक घरगुती आहे. स्वैर म्हटलं की पुढे 'आचार' येतोच. स्वेच्छा? सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांना विचारा. तेलुगूत 'स्वेच्छ' म्हणजे चक्क स्वातंत्र्य, मान ताठ ठेवून उच्चारायचा शब्द. मराठीत तीच स्वेच्छा निवृत्तीच्या अर्जात सापडते, आणि 'स्वेच्छाचारी' झाली की शिवी. सगळे उमेदवार बघितल्यावर मला तरी वाटतं, नवा शब्द नको. फारच गोंधळ होत असेल तिथे 'राष्ट्रीय' किंवा 'नागरी' हे विशेषण पुढे लावावं.

शिवाय दोन शब्द असले की भानगड मिटते, हा भ्रम आहे. अमेरिकेचा ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा घ्या. नाव इंडिपेन्डन्सचं, आणि आत जीवित, लिबर्टी व सुखाचा शोध हे न हिरावता येणारे हक्क. शब्द दोन, व्यवस्थित वेगळे. पण मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होता. वसाहतींना स्वातंत्र्य मिळालं, गुलामांना नाही. गुलामी कायद्यानं संपायला १८६५ उजाडलं. जोतीराव फुल्यांनी हे फार नेमकं हेरलं होतं. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, कारण त्यांनी निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झीज सोसली. १७७६ च्या कर्तबगारीचं कौतुक त्या अर्पणपत्रिकेत नाही. तिकडेही सगळा प्रश्न 'ला'चाच होता.

आणखी एक गैरसमज : स्वातंत्र्य हा मूळचा देशाबद्दलचा शब्द, व्यक्तीला तो नंतर चिकटवला. उलटं आहे. "न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति" हे मनुस्मृतीतलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तिथे राष्ट्र कुठे आहे? बाईला स्वतःच्या मनानं वागू द्यायचं नाही, एवढंच. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला त्या ग्रंथाचं दहन झालं, ते या जुन्या, व्यक्तिगत अर्थाच्या स्वातंत्र्यासाठीही होतं. पाणिनी तर आणखी सुटसुटीत : "स्वतन्त्रः कर्ता". क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. (तंत्र म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, हा अर्थही संस्कृतात आहे. माग चालवणाऱ्या शहराला तो आवडेल, पण त्यावरून 'स्वतंत्र'चा अर्थ विणत बसू नका.)

पाणिनीचं सूत्र हाताशी ठेवून रोजची वाक्यं ऐकली की आज या शब्दाचं काय झालंय ते कळतं. "आमच्याकडे सुनेला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय हो." कर्ता कोण? सासरचे. सून चतुर्थीत. नोकरी कर, पण दिवेलागणीला घरात हवीस. पगार तुझा, पण पासबुक यांच्याकडे. याला मराठीत मुभा असा अचूक शब्द आहे, अरबी 'मुबाह'वरून आलेला, म्हणजे ज्याला परवानगी आहे ते. मुभा देणाऱ्याला ती परत घेता येते. "सरकारनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, त्याचा गैरफायदा घेऊ नका" या वाक्यातही मुभाच बोलते आहे. उद्देशिकेत देणारे "आम्ही" आणि घेणारेही आम्हीच, "स्वतःप्रत अर्पण". देणारा दुसरा कोणी नाही, म्हणून परत मागणाराही नाही.

वर्गात करून बघा : वर्तमानपत्रातली 'स्वातंत्र्य' असलेली वाक्यं कापून आणायला सांगा आणि शब्द काढून 'मुभा' बसवा. जिथे वाक्य बिनबोभाट चालेल, तिथे लिहिणाऱ्याच्या मनात मुभाच होती.

बाकी फळ्यावर लिहिताना 'त्र'ला जोडलेला 'य' सोडू नका. स्वतंत्र हे विशेषण, स्वातंत्र्य हे नाम. 'स्वातंत्र' असं काही नसतं, चौकाचौकातल्या फ्लेक्सवर दर ऑगस्टला ते कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी.