पोटुशी बाई, मासे आणि पारा

प्रश्न : ताई, माझ्या सुनेला पाचवा महिना लागलाय. आम्ही अलिबागकडचे, आठवड्यातनं चार दिवस मासळी असतेच. पण माशांत पारा असतो आणि तो बाळाच्या मेंदूत जातो असं तिनं व्हॉट्सअपवर वाचलं नि सगळी मासळी बंद केली, बांगडासुद्धा. आम्हीही खाल्लीच ना? आणि बाळंतिणीला दूध यायला मुशीचं कालवण तर लागतंच. कोणाचं खरं?

उत्तर : काकू, सूनबाईची भीती खोटी नाहीये, पण बांगडा सोडायचं काही कारण नाही. सोडायची ती मुशी, म्हणजे शार्क, आणि नेमकी तीच तुम्ही तिला खायला घालणार आहात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोळशाचा धूर, कारखान्यांचं सांडपाणी यातनं पारा समुद्रात जातो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी रूप, करतात, ते बारीक जीवांत जातं, त्यांना तारली खाते, तारलीला सुरमई, सुरमईला मोठी मुशी, आणि दर पायरीला ते साठत साठत वाढतच जातं. म्हणजे मासा जितका मोठा, म्हातारा नि दुसरे मासे खाणारा, तितका पारा जास्त. तो मांसातच चिकटलेला असतो, त्यामुळे हळद-मीठ लावा, कोकम टाका, तळा, उकळा, जात नाही. बाजारात मुशीची पिल्लंही येतात, त्यांच्यात कमी असेल, पण कापलेल्या तुकड्यावरनं मासा केवढा होता ते कळणार कसं?

जपानच्या मिनामातात चिस्सो कंपनी पारा खाडीत सोडत होती, १९५६ साली त्या पाऱ्यानं होणारा आजार उघडकीस आला. आधी मासे खाणारी मांजरं झटके येऊन मेली, मग कोळ्यांच्या घरातली माणसं आजारी पडली. कितीतरी आयांना स्वतःला फारसं काही जाणवलं नाही आणि बाळं मात्र जन्मापासनं अपंग, कारण पारा वारेतनं थेट बाळाकडे जातो. वाचताना पोटात तुटतं हो. तिथल्या माशांतला पारा आपल्या रोजच्या मासळीच्या कितीतरी पट होता, म्हणून सूनबाईंनी तेवढं घाबरू नये.

बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी आठवड्यातनं दोन-तीनदा खुशाल द्या. अमेरिकेत सरकारच गरोदर बायकांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतं, कारण त्यातलं ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला हवंच असतं. मोठ्या सुरमईची तुकडी मात्र क्वचितच. तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यांच्यात कॅडमियम नि शिसं साठतं, आणि कॅडमियम किडनीत वर्षानुवर्षं बसून राहतं, म्हणून कोळीणमावशीला खाडी कुठली ते विचारा, कारखान्यांजवळची असेल तर घेऊच नका.

मुशी आत्तापासनंच बंद, कारण अंगातला पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने जातात. बाळंतपणानंतरही नकोच, दुधातनंही थोडा उतरतो. त्यापेक्षा बांगड्याचं कालवण करा, अळिवाचे लाडू तर आहेतच.