आजी मालिका सोडून फोन का घेत नाही?

प्रिय ईरा,

शनिवारी आपण सकाळी दहाला फोन लावला तेव्हा आजीकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. "मालिका लागलीय गं, नंतर बोलू," म्हणून ती मोकळी झाली. तुझा प्रश्न अगदी रास्त आहे: तीच मालिका मोबाइलवर कधीही बघता येते, मग सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच खोलीत बसून कशाला बघायची?

याचं मूळ टंचाईत आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यातही चित्र दिसू लागलं. वाहिनी एकच, तीही संध्याकाळचे काही तास. टीव्ही एखाद्याच घरी, आणि त्याचा परवाना काढावा लागे. त्या घराच्या दारात शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग पडायचा. मुलं पुढे जमिनीवर, म्हातारी माणसं खुर्चीत आणि बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, कारण आत भाजी शिजत असायची.

सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच पडद्यासमोर बसणार, हे कार्यक्रम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून लहानांसाठी 'किलबिल', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', करमणुकीला 'गजरा' आणि शनिवारी मराठी सिनेमा. ज्यांनी आयुष्यात नांगर पाहिला नव्हता, तेही खतांवरची चर्चा मुकाट्याने ऐकत, कारण उठलं की जागा गेली! त्या काळाचं हल्ली फार कौतुक होतं. खरं सांगू का, त्यातलं बरंचसं कंटाळवाणं होतं. पण चिं. वि. जोशींच्या कथांवरची चिमणरावांची मालिका मात्र घरोघरी पोचली. त्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बाळ कर्वेंना आजी अजून गुंड्याभाऊच म्हणते.

मी लहान असताना, २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. आमच्या शेजारच्या काकू टीव्हीला हार घालायच्या आणि आंघोळ न केलेल्या मुलांना आत घ्यायच्या नाहीत. आम्ही केस ओले करून जायचो. तेवढ्यावर भागायचं.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. तिच्यावर 'आभाळमाया' लागली, आणि मराठी घराला बघायला आणखी एक मराठी घर मिळालं. २००४ पासून तर 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर लोकांच्या दिवाणखान्यातच जाऊन बसले. घरातली वहिनी खेळ जिंकली की पैठणी!

आता तू विचारलेल्या 'विशेष भागा'बद्दल. मालिकेतली माणसं आपल्याच पंचांगाने जगतात. गुढी पाडव्यालाच उभारतात, गणपती चतुर्थीलाच आणतात आणि वटपौर्णिमेला नायिका वडाला फेऱ्या मारते, नवरा कितीही नालायक असो. कुणाचं लग्न निघालं की 'महाएपिसोड', तासा-दोन तासांचा: हळद, मेंदी, रुसवेफुगवे, आणि अंतरपाट धरला की कुणीतरी ओरडणार, "थांबा!" यामागे जाहिरातींचं गणित आहे, हे उघड आहे. सणाच्या तोंडावर साड्या आणि दागिने विकणाऱ्यांना सगळं कुटुंब एका जागी हवं असतं.

पण आजीला ते सगळं कळतं. ती मालिका बघते ती मुख्यतः नावं ठेवायला. "भरजरी साडी नेसून कोण पोळ्या लाटतं गं?" "हिला सासूने एवढं बोलल्यावर ही गप्प का?" त्यावर मामी आपलं मत देते, आबा पेपरमागून "बंद करा ते" म्हणतात आणि पाच मिनिटांनी तेच विचारतात, "मग सांगितलं का तिने त्याला?" मोबाइलवर एकटीने बघून आजी हे कुणाला ऐकवणार?

पुढच्या शनिवारी फोन आठलाच लाव, तिकडे तेव्हा साडेपाच असतील. आणि त्या नायिकेची बाजू घेऊन बघ. आजी तासभर भांडेल तुझ्याशी.

तुझी,
आई