पुणे ते ऑकलंड: किती तास, किती लांब

तुम्ही विचारलंय की जानेवारीत न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला शिफ्ट होतोय, मुलगी नऊ वर्षांची आहे, आई-बाबा पुण्यातच राहणार, तर गरज पडली तर किती तासात घरी पोचता येईल. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत सांगत नाही. आम्ही आलो तेव्हा आमची मुलगीही नऊच वर्षांची होती म्हणून लिहायला बसले.

मुंबई-ऑकलंड सरळ रेषेत साधारण 12,300 किमी आहे, थेट विमान नाही. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच पडतं म्हणून आम्ही तिकडूनच जातो, मुंबईहून साडेपाच तास, मग तीन-चार तासांचा हॉल्ट आणि पुढे दहा तास. पण घरापासून घरापर्यंत तीस तास धरून चाला, कारण घाटात ट्रॅफिक लागलं की पुणे-मुंबईचे दीडशे किमीच सगळ्यात जास्त जीव खातात. आणि लोणचं-मसाले आणलेत तर इथे येताना भरायच्या डिक्लेरेशनमध्ये सगळं लिहा, लपवलं तर 400 न्यूझीलंड डॉलर दंड.

कागदांचं एकच सांगते. मुलीच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का ते आजच काढून बघा. आमच्या दाखल्यावर नावाचा रकानाच कोरा होता, हॉस्पिटलने नुसती जन्माची नोंद केलेली आणि आम्हीही नाव घालायला कधी गेलो नाही, मग ते एक नाव चढवायला पाच हेलपाटे, दर वेळी नवीन कागद, आणि शेवटी शाईचा शिक्का पुसट आला म्हणून परत.

एकटेपणा वगैरे होतो, पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात.

खरं लांब काय पडतं तर सुट्ट्या. इथली मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर, तेव्हा पुण्यात भावंडांची शाळा चालू आणि तिकिटं सगळ्यात महाग. तिकडे मे महिन्यात सगळी पोरं आजीकडे जमतात तेव्हा आमच्या मुलीची टर्म चालू. आईची पंच्याहत्तरी मे मध्येच होती. तीन आठवडे सुट्टी मागितली तर शाळेकडून दोन ओळींचं ईमेल आलं, की ही गैरहजेरी विनाकारण धरली जाईल. बास, एवढंच. त्यात दंडाचं काही नव्हतं, नाव काढण्याचं काही नव्हतं, तरी आम्ही घाबरलो, नवीन देश, उगाच रेकॉर्डवर काही नको म्हणून तिकिटं काढलीच नाहीत. मी आईला सांगितलं की ऑफिसमधून रजा मिळाली नाही.

पुण्यात संध्याकाळी सात वाजता तिला 75 दिव्यांनी ओवाळलं, इथे रात्रीचा दीड वाजला होता. मुलीला झोपेतून उठवून सोफ्यावर बसवलं, ती ब्लँकेट गुंडाळून फोनकडे बघत होती, ताटातल्या दिव्यांच्या उजेडात आजीचा चेहराच नीट दिसत नव्हता, आणि मागून कोणीतरी ओरडलं की आमरस संपला. मुलगी म्हणाली, आपल्याला ठेवलाय का?

आता ती सोळा वर्षांची आहे, आजीकडचा मे महिना तिने आल्यापासून एकदाही बघितला नाही. तुमची नऊ वर्षांची आहे. तिची शाळा तीन आठवडे बुडवा, खरंच बुडवा, ईमेल आलं तर येऊ दे.