जुन्या काउबॉय सिनेमांत सगळ्यांकडे तीच तीच बंदूक का दिसते? ती खरी असायची का?

बऱ्याचदा खरीच असायची. फक्त तिच्यातून गोळी सुटत नसे.

मी सोलापुरात हौशी नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळतो, त्यामुळे सिनेमा बघताना नटाआधी त्याच्या हाताकडे नजर जाते. बंदूक कोणती दाखवायची हे तेव्हा इतिहास नाही, काडतूस ठरवायचं. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं: बुडाला ठोका बसताच पेटणारी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. गोळी काढून तोंड चिमटून बंद केलं की झालं ब्लँक. आवाज, जाळ, धूर सगळं अस्सल.

हॉलिवूडमध्ये 'फाइव्ह इन वन' नावाचं एक ब्लँक चालायचं. .३८-४०, .४४-४० आणि .४५ अशा तीन मापांची रिव्हॉल्व्हरं, शिवाय पहिल्या दोन मापांच्या रायफली, अशा पाचांत ते एकच बसायचं. पन्नास घोडेस्वार उधळलेत, उजेड चाललाय, अशा वेळी कुणाला कुठलं काडतूस द्यायचं हा घोळच नको! म्हणून या मापांत मिळणारी १८९२ची विंचेस्टर रायफल आणि १८७३चं कोल्ट रिव्हॉल्व्हर जिकडेतिकडे दिसतं. 'स्टेजकोच' (१९३९) या सिनेमाची गोष्ट १८८०ची, पण जॉन वेनच्या हातात १८९२चं मॉडेल. बंदूक बारा वर्षं आधीच हजर! प्रेक्षकाचं काही बिघडलं नाही. माझंही नाही, पण एकदा कळल्यावर दिसायचं थांबत नाही.

त्याहून मजेशीर किस्सा जेम्स बाँडचा. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या (१९६३) जाहिरातीचे फोटो काढायची वेळ आली आणि बाँडचं वॉल्थर पीपीके पिस्तूल आणायचंच राहिलं. फोटोग्राफर डेव्हिड हर्न यांच्याकडे स्वतःचं एक वॉल्थरचंच छऱ्याचं पिस्तूल होतं, तेच शॉन कॉनरीच्या हातात दिलं. म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायला जी एअर गन देतात, तिच्याच जातकुळीचं. लांबलचक नळीचं ते पिस्तूल छातीशी धरलेला बाँड पुढे जगभर भिंतींवर झळकला. २०१०मध्ये लंडनच्या लिलावात त्या पिस्तुलाला अडीच लाख पौंडांहून जास्त किंमत आली. फुग्यांवर एवढे पैसे कुणी लावले नसतील.

पण ब्लँक म्हणजे खेळणं नाही. नळीच्या तोंडाशी तापलेला वायू इतक्या जोरात येतो की जवळून माणूस जाऊ शकतो. १९९३मध्ये सिनेमाच्या चित्रीकरणात नट ब्रँडन लीचा जीव ब्लँकनंच गेला, पण वेगळ्या वाटेनं. रिव्हॉल्व्हर समोरून दाखवायचं तर त्याच्या चक्रातल्या घरांत गोळ्या दिसायला हव्यात, म्हणून खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसं केली होती. एकाची टोपी मात्र जिवंत राहिली. तिच्या जोरावर गोळी सुटली आणि नळीतच अडकून बसली. कुणी बघितलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं, आणि ब्लँकच्या दारूनं ती अडकलेली गोळी बाहेर फेकली. दोन अर्ध्या गोष्टी जुळून एक पुरती गोळी झाली.

आमच्याकडे अर्थात खरी बंदूक नाही. लाकडी पिस्तूल आहे, काळा रंग लावून त्यावर पेन्सिलीचं शिसं घासलेलं, म्हणजे दिव्यात लोखंडासारखं चमकतं. आवाजाला विंगेत टिकल्या. एका स्पर्धेत त्या सर्दावल्या. खलनायकानं चाप ओढला: गप्प. पुन्हा ओढला: गप्प. नायकाला आवाज झाल्यावर पडायचं शिकवलेलं, तो छाती पुढे काढून उभाच. तेवढ्यात बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "आवाज आला नाही की बे, पडू नको!"

थेटर हसून लोळलं. विंगेत माझ्या हातात दुसरी टिकली होती, ती वाजली, पण तोवर नायकही हसत होता.

तेव्हापासून टिकल्या मी पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून ठेवतो, आणि विंगेत दुसरा एक जण आपटायला फळी घेऊन उभा असतो.