वाचकांचे प्रश्न: ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरला व्होल्टेज किती द्यावे?

प्रश्न: माझे टॉवेल आणि चादरींच्या जकार्ड डिझाइनचे काम आहे. दिवसा ग्राफ तयार करतो आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी मालाची त्रिमितीय चित्रे रेंडरला लावतो. संगणकात इंटेलचा कोअर आय-५ ९६००के प्रोसेसर, झेड३९० मदरबोर्ड आणि १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा टॉवर कूलर आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे नेला: सहाही कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारे भाग) ५ गिगाहर्ट्झवर नेले, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) व्होल्टेज १.३८ दिले आणि लोडलाइन कॅलिब्रेशन (कामाच्या वेळी घटणारे व्होल्टेज भरून काढणारी सोय) सर्वांत तीव्र पायरीवर ठेवले. तीन महिने काही तक्रार नव्हती. एप्रिलपासून मात्र दुपारी रेंडर चालू असताना निळी स्क्रीन येते. कधी ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’, तर कधी ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ असे लिहून येते. गेल्या आठवड्यात टॉवेलच्या किनारीची एक फाइल सेव्ह केल्यानंतर पुन्हा उघडलीच नाही. मित्र म्हणतो, व्होल्टेज १.४५ करून टाक. शेजारी यंत्रमाग असल्याने वीजही कमी-जास्त होते, तेव्हा स्टॅबिलायझर घ्यावा का? सोबत मॉनिटरिंगच्या पडद्याचा फोटो पाठवत आहे.
— एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर: प्रथम विनंती अशी, की हे उत्तर वाचून होईपर्यंत प्रोसेसर मूळ वेगावर परत न्यावा आणि चालू कामाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. निळी स्क्रीन निदान दिसते तरी. पण अस्थिर प्रोसेसर चुकीचा आकडा मुकाट्याने डिस्कवर लिहितो तेव्हा तो कळतो फार उशिरा. आपली न उघडणारी फाइल अशाच चुकीची असण्याची शक्यता आहे, आणि मला त्या तीन-चार निळ्या स्क्रीनपेक्षा ती फाइल अधिक चिंतेची वाटते.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. आपल्या फोटोत रेंडर चालू असताना प्रोसेसरचे तापमान ९७ अंश दिसते आहे. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचताच तो स्वतःहून वेग कमी करतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो केवळ खोलीच्या तापमानावर ठरावीक अंशांची भर पडू देतो. ही भर तेवढीच राहते, म्हणून जानेवारीत २८ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ८४-८५ वर थांबत होता, तोच एप्रिलच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत ९७ वर जातो. यात नवल काहीच नाही. अडचण अशी आहे, की गरम झालेल्या सिलिकॉनला तोच वेग टिकवण्यासाठी थोडे अधिक व्होल्टेज लागते, व्होल्टेज वाढवले की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की पुन्हा व्होल्टेज कमी पडू लागते. जानेवारीत आपण काठावर ठरवलेले १.३८ एप्रिलमध्ये अपुरे पडले, हे खरे. पण ते पुरे करण्याची जागा आपल्या कूलरकडे आता शिल्लक नाही.

याचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसर चालताना निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आपला प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर १.२६ व्होल्टमध्ये स्थिर राहतो आणि ५ गिगाहर्ट्झसाठी त्याला १.३८ लागतात. वेगात वाढ झाली सुमारे ४ टक्के आणि उष्णतेत सुमारे २५ टक्के. मित्र सांगतो तसे १.४५ दिले, तर वेगात काडीचीही भर न पडता उष्णता आणखी १० टक्क्यांनी वाढेल. उलट ४.८ वर आल्याने ६० मिनिटांचे रेंडर साडेबासष्ट मिनिटांत होईल. ही अडीच मिनिटे वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाची फाइल पणाला लावावी, असे मला मुळीच वाटत नाही.

लोडलाइन कॅलिब्रेशनकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागेल, कारण आपल्या मांडणीतील मोठा दोष तिथे आहे. प्रोसेसरवर काम पडले की प्रवाह वाढतो आणि वाटेतील रोधामुळे त्याच्यापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज खाली येते. १ मिलिओहमचा रोध आणि १०० अँपिअरचा प्रवाह धरला, तर ही घट ०.१ व्होल्ट होते. ही घट मुद्दाम ठेवलेली असते. काम अचानक थांबते तेव्हा व्होल्टेज क्षणभर उसळी घेते, आणि आधीची पातळी खाली असेल तर ती उसळी सुरक्षित मर्यादेत राहते. लोडलाइन कॅलिब्रेशन ही घट भरून काढते. सर्वांत तीव्र पायरीवर तर ती जरा जास्तच भरते, म्हणूनच आपण १.३८ दिलेले असताना फोटोत रेंडरच्या वेळी १.३९२ दिसत आहे. त्यावरची उसळी आपल्या पडद्यावर कधीच दिसणार नाही, कारण ती मायक्रोसेकंदांत घडते आणि सॉफ्टवेअर एक-दोन सेकंदांनी एकदा आकडा वाचते. आणखी एक बारकावा असा, की अनेक मदरबोर्डांवरील सेन्सर ०.०१६ व्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतो, १.३७६ नंतर थेट १.३९२. त्यामुळे बायोसमध्ये ०.००५ ने केलेला बदल पडद्यावर दिसला नाही, तरी तो झालेला असतो.

लोडलाइन कॅलिब्रेशनची पायरी मधली ठेवावी. मात्र आकड्यावर विसंबू नये. आसुसच्या बोर्डांवर आकडा वाढतो तशी भरपाई वाढते, तर एमएसआय आणि एएसरॉकच्या बोर्डांवर १ ही सर्वांत तीव्र पायरी असते. बायोसमधील आलेख किंवा बोर्डासोबतची पुस्तिका पाहूनच निवड करावी.

यानंतरचे काम एका सुट्टीच्या दिवशी, आणि शक्यतो दुपारी दोन वाजता, खोलीची दारे-खिडक्या एरवी असतात तशाच ठेवून करावे. रात्री गारव्यात स्थिर ठरलेला प्रोसेसर सोलापूरच्या मे महिन्यात स्थिर राहीलच असे नाही. सुरुवातीला रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला वाढीव वेगाने चालवणारी तयार मांडणी) बंद ठेवावे, म्हणजे चूक रॅमची की कोअरची हा घोळ राहत नाही. सर्व कोअर ४.८ वर ठेवून व्होल्टेज १.३० या एकाच आकड्यावर बांधावे. घट धरून रेंडरमध्ये ते १.२५-१.२६ च्या आसपास दिसले, तर योग्य मार्गावर आहात असे समजावे. प्रत्येक चिपची गरज वेगळी असल्याने माझा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. आधी सिनेबेंच हा रेंडरच्या चाचणीचा प्रोग्रॅम दहा मिनिटे चालवावा. संगणक टिकला, तर व्होल्टेज ०.०१ ने कमी करून पुन्हा चालवावे, आणि असे करत जिथे पहिली चूक दिसेल तिथे थांबून ०.०२ ते ०.०३ ने वर यावे. मग प्राइम९५ तासभर चालवावे. मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम आपली गणिते स्वतःच तपासत राहतो, कारण त्या शोधात एक चुकीचा बिट कित्येक दिवसांची आकडेमोड वाया घालवतो. त्यातला एखादा वर्कर (चाचणीचा एक स्वतंत्र भाग) ‘राउंडिंग’ची, म्हणजे आकडेमोडीची, चूक दाखवून थांबला, तर संगणक चालू असला तरी ती मांडणी नापास समजावी. एव्हीएक्स सूचनांची (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांची) चाचणी फार उष्णता निर्माण करते. तापमान ९० च्या पुढे गेले, तर बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट १ किंवा २ ठेवावा, म्हणजे अशा सूचनांच्या वेळी वेग तेवढ्या पायऱ्यांनी उतरतो.

शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या सोयीच्या) नोंदी पाहाव्यात. निळी स्क्रीन आली नाही, पण तिथे दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदी साचत आहेत, याचा अर्थ व्होल्टेज अजून काठावर आहे. नोंदी नसतील, तर एक्सएमपी सुरू करून सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात. एक्सएमपी सुरू करताच अनेक बोर्ड सिस्टिम एजंट आणि आयओ (प्रोसेसरमधील रॅमशी जोडणारे भाग) यांची व्होल्टेज स्वतःहून गरजेपेक्षा वर नेतात; ती हाताने १.१० ते १.१५ च्या दरम्यान बांधून घ्यावीत.

स्टॅबिलायझरचा या दुखण्याशी संबंध नाही. घरातील २३० व्होल्टचे एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्ट करतो आणि त्या १२ चे १.३ मदरबोर्डवरचे रेग्युलेटर करते. शेजारचे माग सुरू होताना दिवे मंदावतात, तो हेलकावा कोअरपर्यंत पोहोचत नाही. तो फारच खोल असेल, तर संगणक निळी स्क्रीन न दाखवता थेट बंद पडेल, आणि त्यावर उपाय यूपीएस. मागांच्या शेजाराचा खरा त्रास सुताच्या बारीक तंतूंचा आहे. कूलरच्या पंख्यामागे, पट्ट्यांच्या तोंडाशी, ते नमद्यासारखे दाट बसतात आणि बाहेरून पंखा फिरताना दिसत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. व्होल्टेजला हात लावण्यापूर्वी पंखा काढून तेवढे जरूर पाहावे. कदाचित ९७ पैकी काही अंश तिथेच अडकलेले असतील.

प्रश्न: माझ्या रायझन ५ ५६००एक्सवर काहीही काम नसताना व्होल्टेज १.४५ दिसते आणि रेंडरमध्ये ते उलट कमी होते. बोर्ड बिघडला आहे का? मी ते १.३० वर बांधून टाकू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बोर्ड ठीक आहे. हलक्या कामात एखादाच कोअर क्षणभर ४.६ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, त्याला तेवढे व्होल्टेज लागते आणि प्रवाह अगदी थोडा असल्याने उष्णता होत नाही. सर्व कोअर कामाला लागले की प्रोसेसर स्वतः व्होल्टेज खाली आणतो. ते एका आकड्यावर बांधले, तर एकट्या कोअरचा वरचा वेग आपण गमावाल. त्याऐवजी बायोसमधील कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक वेगाला मिळणारे व्होल्टेज अंकांनी कमी-जास्त करण्याची सोय, वापरावा. सर्व कोअरना उणे १० पासून सुरुवात करावी. प्रत्येक अंकामागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. इथली फसवी बाब अशी, की उणे ३० वर सिनेबेंच सहज पार पडते आणि संगणक रात्री नुसता पडून असताना रीस्टार्ट होतो. म्हणून प्रत्येक कोअरची एकट्याने चाचणी घेणारा कोअरसायकलर हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. जे दोन कोअर सर्वांत चांगले म्हणून प्रोसेसर निवडतो, त्यांना बहुधा सर्वांत कमी वजाबाकी झेपते.

प्रश्न: इंटेलचा १४व्या पिढीचा के मालिकेतील प्रोसेसर वापरलेला, स्वस्तात मिळतो आहे. ओव्हरक्लॉक करण्यासाठी घ्यावा का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: या आणि १३व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता येत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत कामकाजाची सुधारित आज्ञावली) देऊन व्होल्टेजवर १.५५ ची मर्यादा घातली, त्यानंतर सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. मायक्रोकोडने पुढची झीज थांबते, झालेली भरून निघत नाही. विक्रेत्याकडे बिल असेल, वॉरंटी शिल्लक असेल आणि तो आपल्यासमोर मूळ वेगावर तासभर चाचणी चालवू देत असेल, तरच घ्यावा.