हप्ता ३५५ डॉलर, पण ट्रकचं काय?

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलं दोन, वय ९ आणि ६. मिस्टर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालाय, पण ग्रीन कार्डची रांग कधी सरकेल देव जाणे. मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे जोडीदार म्हणून मिळालेल्या कामाच्या परवान्यावर, अर्धवेळ नोकरी करते. दोघांचे मिळून वर्षाला १,८५,००० डॉलर येतात. घरकर्ज ३.१ टक्क्यांचं, बाकी ३,१०,०००. महिन्याचा खर्च ६,८००, बँकेत शिल्लक ३१,०००. मिस्टरांना २६ फुटी नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर, घ्यायचाय, बंक बेडवाला. टॅक्स आणि फी धरून ४०,०००. त्यातले ४,००० आत्ता, उरलेले १५ वर्षांत, साडेआठ टक्क्यांनी, हप्ता ३५५. आमची ओडिसी मिनीव्हॅन तो ओढू शकत नाही, म्हणून ती देऊन ३८,०००चा जुना पिकअप घ्यायचा. सासू-सासरे दरवर्षी पुण्याहून येतात, त्यांना बाहेरचं जेवण आणि सार्वजनिक बाथरूम दोन्ही सोसत नाही. वर्षाला २० रात्री तरी नक्की जाऊ, असं हे म्हणतात. डीलरची ऑफर शनिवारपर्यंत आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी शनिवार जाऊ द्या. अशा ऑफरचा शनिवार दर आठवड्याला येतो.

दुसरं म्हणजे, तुमच्या मिस्टरांची कल्पना खुळचट नाही. आमच्याकडे चार वर्षं ट्रेलर होता. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर इंक्स लेकच्या काठी स्वतःच्या बाथरूममध्ये हातपाय धुवायचे आणि स्वतःच्या ताटात मुगाची खिचडी घ्यायची, हे सुख मी घेतलंय. माझी आई हॉटेलच्या खोलीत दोन दिवसांत कंटाळायची. ट्रेलरमध्ये तिसऱ्या दिवशी तिने डबे लावून घेतले होते. त्यामुळे मी या विषयात पूर्ण तटस्थ आहे असं समजू नका. पण तो ट्रेलर विकताना मला जे कळलं, ते घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी हप्त्याचं बोलू. ३५५ आकडा लहान दिसतो, कारण मुदत १५ वर्षांची आहे. ३६,००० कर्जावर एकूण साधारण ६३,८०० भराल, म्हणजे २७,८०० नुसतं व्याज. पण खरी गोम पाचव्या वर्षी आहे. मुलगा तेव्हा १४ वर्षांचा असेल आणि आई-बापांबरोबर जंगलात जायला त्याला लाज वाटायला लागली असेल. तोवर तुम्ही ६० हप्ते, म्हणजे २१,३०० भरलेले असतील, तरी डोक्यावर अजून २८,६०० असतील. ट्रेलरला बाजारात १९,००० आले तर चांगला भाव आला म्हणायचा. म्हणजे विकायचं ठरवलं तर खिशातून आणखी ९,६०० घालून सुटका करून घ्यायची. घर तारण ठेवून घर घेतो तसं हे नाही. ही चाकावरची वस्तू आहे, आणि तिचा घसारा कर्जाच्या मुद्दलापेक्षा वेगाने पळतो.

सुरुवातीचे ४,०००, भरलेले हप्ते आणि शेवटचे ९,६०० मिळून पाच वर्षांत ३५,००० गेले. वर्षाला ७,०००. त्यात स्टोरेज घाला. फ्रिस्कोच्या बहुतेक सोसायट्या ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करू देत नाहीत, त्यामुळे महिन्याला शंभर-सव्वाशे. विमा पाचशेच्या आसपास. छताचं सीलंट, बेअरिंगचं ग्रीसिंग, बॅटरी, टायरसाठी बाजूला टाकायचे पैसे, नोंदणी असं सगळं मिळून तेरा-चौदाशे. एकूण वर्षाला १०,२०० धरा. २० रात्रींवर वाटले तर रात्रीचे ५१० डॉलर. यात कॅम्पसाइटचं भाडं नाही, पेट्रोल नाही, आणि ट्रकही नाही.

ट्रककडे कोणी नीट बघत नाही. हा पिकअप ९,००० पौंड ओढतो, ट्रेलर भरून ६,३००चा, मग चिंता कसली, असं डीलरने सांगितलं असणार. ओढण्याची ताकद इंजिनाची असते, पण वजन पेलायचं ते मागच्या एक्सलला आणि स्प्रिंगला. ड्रायव्हरचं दार उघडा. आतल्या चौकटीवर पिवळ्या कडेचं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही ते त्यावर छापलेलं असतं. त्याला पेलोड म्हणतात. ‘अर्धा टन’ म्हणतात त्या वर्गातल्या चार दारांच्या (क्रू-कॅब) ट्रकवर हा आकडा बऱ्याचदा चौदाशे-पंधराशेच्या घरात असतो. तुमच्यासाठी १,४८० धरू.

आता वजन मांडू. ट्रेलर नीट चालायचा तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर यायला हवा, नाहीतर हायवेवर मागून शेपूट हलायला लागते. ६,३००चे १३ टक्के म्हणजे सुमारे ८२०. वजन वाटणारा हिच स्वतः ८०. तुम्ही दोघं ३१०, मुलं ११५. बेरीज १,३२५. चौघांसाठी बसतंय, कूलर आणि मुलांच्या सायकली घेतल्या तरी जेमतेम. आता सासू-सासऱ्यांचे २९० मिळवा : १,६१५. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, तेच ट्रकमध्ये बसले की गाडी मर्यादेबाहेर जाते. शिवाय बसायचं कुठे? पुढच्या दोन सीटांमध्ये कन्सोल असलेल्या ट्रकमध्ये पाच जागा असतात आणि तुम्ही सहा. मग आणखी एक गाडी मागून न्यायची. (आई-बाबा ट्रेलरमध्येच आडवे होतील, असं कोणी सुचवेल. अजिबात नको. धावत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बऱ्याच राज्यांत कायद्याने बंदी आहे, आणि आत सीटबेल्टही नसतात.)

एवढं वजन रास्तपणे पेलायचं तर वरच्या, ‘पाऊण टन’ वर्गातला ट्रक लागतो. तो आणखी महाग, आणि सोमवार ते शुक्रवार ऑफिसला नि मुलांच्या क्लासला तोच पळवायचा. तुमच्या हिशेबातल्या ट्रकसाठीसुद्धा ओडिसीचे १६,००० आले तरी २२,००० जास्तीचे घालायचेत. त्याचा घसारा, व्याज आणि जास्तीचं पेट्रोल वर्षाला ३,००० धरलं तर रात्रीचे ५१० थेट ६६० वर जातात. ट्रेलर जोडला की मायलेज निम्म्यावर येतं, हे वेगळंच.

म्हणून मी सहसा उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. आधी दारात कोणती गाडी आहे आणि तिचं स्टिकर काय म्हणतं ते बघायचं, मग ट्रेलर.

व्हिसाचं बोलणं कोणाला आवडत नाही, पण माझं काम तेच आहे. नोकरी गेली तर एच-वन-बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत नवा नोकरीदाता शोधायचा, मुलांच्या शाळेचं बघायचं, घर ठेवायचं की विकायचं ते ठरवायचं. त्यातच २६ फुटी ट्रेलर आणि त्याच्यावरचं २८,००० कर्ज. ही वेळ नोव्हेंबरमध्ये आली तर थंडीत ट्रेलरला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि बँकेचं कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात येत नाही. तुमचे ३१,००० म्हणजे साडेचार महिन्यांचा खर्च. तुमच्या व्हिसाच्या स्थितीत मला आठ महिन्यांची गंगाजळी, म्हणजे ५४,००० च्या आसपास हवी. ती भरेपर्यंत हौसेच्या वस्तूसाठी नवं कर्ज नको. ग्रीन कार्ड हातात असतं तर हा परिच्छेद मी इतका कडक लिहिला नसता.

ट्रेलर हे दुसरं घर, व्याजावर करसवलत मिळते, हेही डीलरने सांगितलंच असेल. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल तर कायद्याने ते खरं आहे. पण सवलत आयटमाइझ केलं, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडली, तरच मिळते. तुमचं घरकर्जाचं व्याज साडेनऊ हजार, प्रॉपर्टी टॅक्स नऊएक हजार, ट्रेलरचं व्याज पहिल्या वर्षी तीन हजार. सगळं मिळून २२,००० सुद्धा होत नाही. २०२५ चं संयुक्त स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे नवरा-बायकोला मिळून सरसकट मिळणारी वजावट, ३१,५०० आहे. तुम्हाला त्यातून शून्य फायदा.

वेळेचाही हिशेब करा, कारण २० रात्री हा आकडा मला जरा आशावादी वाटतो. शुक्रवारी संध्याकाळी स्टोरेजमधून ट्रेलर आणायचा, हिच जोडायचा, ब्रेक आणि दिवे तपासायचे, पाणी भरायचं. पहिल्या वर्षी यात दोन तास जातात. रविवारी परतताना डंप स्टेशनवर रांगेत उभं राहून संडासाची टाकी रिकामी करायची. ते काम कोण करणार, हे घेण्याआधी मिस्टरांना विचाराच. आमच्याकडे पहिल्या वर्षी १७ रात्री झाल्या, चौथ्या वर्षी ६.

तर आता काय करायचं? यंदा भाड्याने घ्या. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअर या भाड्याच्या वेबसाइटवर मालक स्वतः ट्रेलर आणून कॅम्पसाइटवर लावून देतो, नळ-वीज जोडून देतो आणि शेवटी घेऊन जातो. पोचवण्याचे पैसे, विमा आणि फी धरून रात्रीचे २३० च्या आसपास पडतील. चार रात्री घेतल्या तर पोचवण्याचा खर्च वाटला जातो. तुम्ही सहाजण ओडिसीतूनच जा. तिच्यात सगळे बसतात, ओढायचं काही नाही, ट्रकचा प्रश्नच संपला. २० रात्रींचेही ४,६०० होतात, म्हणजे तुमच्या योजनेच्या एक तृतीयांशाच्या आसपास. घराजवळ रे रॉबर्ट्स लेक स्टेट पार्क आहे. सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये इथे असतील तर हवाही छान असते. टेक्सासच्या स्टेट पार्कांचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि ऑक्टोबरचे शनिवार-रविवार लगेच जातात, त्यामुळे जागा आधी धरा, ट्रेलर मागाहून.

दोन खेपा झाल्या, सासूबाईंना ट्रेलरच्या तीन उंच पायऱ्या गुडघ्यांना झेपल्या, मुलांनी पुन्हा कधी जायचं विचारलं, आणि गंगाजळी भरली, की मग घ्यायचं बघू. पण जुना, रोखीने, आणि १५,००० च्या आत. बाजार सध्या घेणाऱ्याच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत विक्रमी ६ लाख आरव्ही (ट्रेलर आणि राहण्याच्या सोयीच्या गाड्या) कारखान्यांतून बाहेर पडल्या; २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. कोव्हिडमध्ये हौसेने घेतलेले आणि चार-पाचदाच वापरलेले कितीतरी ट्रेलर आता विकायला निघालेत. मात्र तेव्हा कारखान्यांनी घाईघाईत माल काढला, आणि ती घाई छताच्या सांध्यांतून दिसते.

आमचा ट्रेलर तिथेच गेला. बेडच्या डोक्याकडचा कोपरा एकदा अंगठ्याने सहज दाबला, तर भिंत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली. छतावरच्या एका स्क्रूभोवतीचं सीलंट तडकलं होतं आणि दोन पावसाळे पाणी आत मुरत होतं. चूक माझी, दर तीन-चार महिन्यांनी शिडी लावून बघायचं असतं, मी वर्षभर चढलो नव्हतो. त्यामुळे बघायला जाल तेव्हा फर्निचर बघू नका. चारही कोपरे, खिडक्यांखालची जागा आणि कपाटांचं आतलं अंग दाबून बघा, बंद कपाटात नाक घाला. तीस डॉलरचा ओलाव्याचा मीटर मिळतो, तो बरोबर न्या. टायरच्या बाजूवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा : २३२१ असेल तर २०२१ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नव्या सेटचे पैसे भावातून कमी करा. आणि सौदा पक्का करण्याआधी स्वतंत्र तपासनीस बोलवा, त्याचे काही शे डॉलर वसूल होतात.

भाड्याच्या ट्रेलरबद्दल एक घरगुती गोष्ट. ३० अँपच्या जोडणीत एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना १,८०० वॉटचं इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलं की ब्रेकर पडतो. आणि आत मोहरीची फोडणी दिली की पहिल्या तडतडीलाच स्मोक अलार्म ओरडतो. माझी आई दचकून झाराच खाली टाकायची. फोल्डिंग टेबल आणि छोटी गॅस शेगडी घरून न्या. कुकर नि फोडणी बाहेर, ट्रेलरच्या सावलीत.