सेरोवेच्या घरातला त्याचा वाटा

प्रश्न : मी नागपूरची, नवरा बोट्सवानातल्या सेरोवेचा. मँचेस्टरला दोघंही हॉस्पिटलात कामाला आहोत. मुलगी सात वर्षांची. फेब्रुवारीत सासरे गेले. रजा मिळाली नाही, त्यामुळे याला अंत्यविधीला जाता आलं नाही. तेव्हापासून तो गप्प असतो, सासूबाईंचा फोनही टाळतो. घरची आठवण जवळ राहावी म्हणून मी भिंतीवर तिकडच्या टोपल्या लावल्या, सेस्वा, म्हणजे तिकडचं कुटलेलं गोमांस, शिकून केलं. दोन घास खाऊन तो उठला. मुलीला त्याची सेत्स्वाना भाषा येत नाही. मी काय करू?
– स.

उत्तर :
प्रिय स.,

तू जे केलंस ते मायेनं केलंस. तो ताटावरून का उठला असेल, याचा मला अंदाज येतो. लग्नात, मयतात तीन पायांच्या लोखंडी हंड्यात गोमांस मीठ-पाण्यात तासन्‌तास शिजवायचं आणि मऊ झालं की कुटायचं, हे तिकडे पुरुषांचं काम. त्याच्या वडिलांच्या वेळी भाऊबंदांनी ते केलं असेल आणि हा तिथे नव्हता. आठवडाभर रोज संध्याकाळी अंगणात प्रार्थना, शुक्रवारी रात्रीचं जागरण, बहुधा शनिवारी पहाटे दफन. या सगळ्यात मुलाच्या वाट्याला काही ना काही येतंच. ते राहून गेलं. फोन तो शरमेपोटी टाळतोय, असं मला वाटतं.

म्हणून टोपल्या राहू देत, पण आता त्याला काम दे. नवरा गेल्यावर बाई शोकाचे कपडे घालते आणि साधारण वर्षानं ते उतरवण्याचा विधी पुष्कळ घरांत होतो. थडग्याचा दगडही बऱ्याचदा नंतरच बसवतात. या विधीची तारीख काढून घे, रजेचा अर्ज आत्ताच द्यायला लाव आणि तिकिटं तिघांची काढा. दगडाच्या खर्चात आपला वाटा किती, हे त्यानं स्वतः भावंडांना विचारावं. घरची गुरं असतील तर गुराख्याचा पगार दर महिन्याला त्यानं पाठवावा. पैसे पाठवायचे म्हटलं की बोलणं होतंच: पाऊस झाला का, कुठली गाय व्याली, विहिरीचा पंप चालतोय का. असं बोलता बोलता तो मोकळा होईल. तरीही झोप, जेवण, काम सुटत असेल तर डॉक्टरांकडे न्यायला अजिबात उशीर करू नकोस.

मुलीसाठी क्लास शोधत बसू नकोस. आजीला रोज एक व्हॉइस मेसेज पाठवू दे, चुकीच्या सेत्स्वानात का होईना. घराण्याचं कुलचिन्ह कोणतं, हे आजीकडूनच कळू दे. सेरोवेच्या बामांग्वातो जमातीचं फुती, म्हणजे एक छोटं हरीण. आणि हे तुला आवडेल: तिकडे मुलीच्या लग्नात आईच्या भावाला, मालोमेला, मोठा मान असतो. म्हणजे नागपूरचा तुझा भाऊ! आपल्याकडे मामा अंतरपाटापाशी उभा राहतो, हे नवऱ्याला सांग आणि दोघांची फोनवर गाठ घालून दे.

कागदपत्रांचंही बघा. आजवरच्या कायद्याप्रमाणे मुलांना दुहेरी नागरिकत्व चालतं, पण २१व्या वर्षी एक निवडावं लागतं. लंडनच्या उच्चायुक्तालयात सध्याचा नियम विचारून तिची नोंद करून घ्या. ३० सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाला जवळपासचे बात्स्वाना, म्हणजे तिकडचे लोक, कुठे जमतात, हेही तिथेच विचारा. रेडिओ बोट्सवाना इंटरनेटवर लागतो, पण एकट्यानं रात्री ऐकत बसण्यापेक्षा सकाळी स्वयंपाकघरात लावा.

परदेशी सून म्हणून तुला संकोच वाटत असेल. बोट्सवानाचे पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सेरेत्से खामा यांनी लंडनच्या रूथ विल्यम्सशी लग्न केलं तेव्हा सेरोवेतही आधी विरोधच झाला. पण १९४९मध्ये तिथल्याच खोत्लात, म्हणजे गावसभेत, हजारोंनी त्या दोघांना आपलं म्हटलं. पुढे ब्रिटिशांनी त्यांना हद्दपार केलं, १९५६मध्ये ते परतले. सेरेत्से गेल्यावरही रूथबाई शेवटपर्यंत बोट्सवानातच राहिल्या.

तेव्हा सासूबाईंना पहिला फोन तूच कर, त्याला सांगून. रविवारी दुपारी, त्या प्रार्थनेहून परतल्यावर. तिथलं घड्याळ हिवाळ्यात तुमच्या दोन तास पुढे असतं, उन्हाळ्यात एक. लगेच तारखेवर येऊ नकोस. आधी 'दुमेला, म्मा' असा नमस्कार, मग तब्येत, मग शेजारीपाजारी, मग पाऊस. तारीख त्यानंतर विचार आणि फोन त्याच्या हातात दे.